घरचा तपासनीस

स्वतःच्या बळावर गणित शिकलेल्या माणसांची गोष्ट निघाली की श्रीनिवास रामानुजन यांचे नाव आधी येते. १९०३ च्या सुमारास कुंभकोणमच्या या शाळकरी मुलाच्या हाती जॉर्ज शूब्रिज कार यांचे जाडजूड पुस्तक पडले आणि तो त्याच्यावर एकटाच तुटून पडला, एवढे बहुतेकांनी ऐकलेले असते. ते पुस्तक कसले होते हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ते चक्क गाइड होते. कार हे लंडनमध्ये खासगी शिकवण्या घेणारे मास्तर. केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेला बसणाऱ्यांच्या उजळणीसाठी त्यांनी हजारो सूत्रे आणि प्रमेये क्रमांक घालून ओळीने मांडली होती. उजळणीचे पुस्तक, त्यामुळे सिद्धता बहुतेक ठिकाणी गाळलेली. फार तर एका ओळीचा इशारा. त्या गाळलेल्या जागा रामानुजन भरत बसले, आणि त्यातच ते घडले.

आज दहावीच्या मुलांच्या दप्तरात असलेल्या गाइडात गाळलेली जागा सापडत नाही. प्रत्येक सरावसंचातले प्रत्येक उदाहरण शेवटच्या ओळीपर्यंत सोडवून दिलेले. वाचत गेले की सगळे पटते आणि पान उलटते. मुलांना गाइड वापरू नका म्हणणारे मास्तर पुष्कळ आहेत, त्यांच्यात मी नाही. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला गाइड लागतेच, कारण अडल्यावर विचारायला दुसरे कोणी नसते. तक्रार एवढीच की गाइड आपले काम इतके चोख करते की मुलाला करायला काही उरत नाही. ते उरवून घ्यायचे कसे, याचे हे प्रकरण आहे.

त्यासाठी मुक्कामाला एक गाव घेऊ. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातले डोणगाव हे मेहकरहून मालेगाव-वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मोठे गाव. भोवती सोयाबीन, तूर, हरभरा. गावात शाळा आहेत, पण ‘मोठा क्लास’ म्हटले की बोट मेहकर, वाशिम नाहीतर अकोल्याकडे जाते. तिथे रोज जायचे तर एसटीचा पास, जाण्यायेण्याचा वेळ आणि क्लासची फी, असे तिहेरी गणित आधी घरात सुटावे लागते. शिवाय दहावीची परीक्षा येते फेब्रुवारी-मार्चात, नेमकी हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या सोंगणीच्या दिवसांत. अशा घरातली मुलगी स्वतःच्या हिमतीवर गणितात पैकीच्या पैकी गुणांपर्यंत पोहोचू शकते का? माझे उत्तर होय असे आहे, पण त्याची अट पुस्तकांच्या संख्येत किंवा पहाटे चारच्या गजरात शोधून सापडणार नाही.

आधी परीक्षेचे अंग पाहू. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नऊ विभागीय मंडळांपैकी बुलढाणा जिल्हा अमरावती मंडळात येतो, पण पेपर साऱ्या राज्याला एकच. २०१८-१९ पासूनच्या अभ्यासक्रमात गणिताचे दोन भाग आहेत. भाग एक म्हणजे बीजगणिताचा: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. भाग दोन भूमितीचा: समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. तेरा प्रकरणे, दोन वेगळ्या दिवशी दोन पेपर, प्रत्येकी ४० गुण आणि दोन तास. उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे.

त्या चाळीस गुणांची वाटणी बघण्यासारखी आहे. पहिला प्रश्न ८ गुणांचा, चार बहुपर्यायी आणि चार एकेका गुणाचे. दुसरा १२ गुणांचा, त्यात ४ गुण चौकटी भरायच्या कृतींना. तिसरा ९ गुणांचा, त्यातही ३ गुणांची कृती. चौथ्यात चार-चार गुणांची दोन उदाहरणे. पाचवा प्रश्न फक्त ३ गुणांचा, आणि पुस्तकात जसाच्या तसा न सापडणारा. म्हणजे चाळीसपैकी वीस गुण पहिल्या दोन प्रश्नांतच पडतात, आणि हे दोन प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या बाहेर फारसे पाऊल टाकत नाहीत. हुशार मुलांचे गुण चौथ्या-पाचव्या प्रश्नात जातात असा सार्वत्रिक समज आहे. मला तो अर्धाच खरा वाटतो. ऐंशीपैकी बाहत्तर गुणांवर अडकलेल्या मुलाच्या गेलेल्या आठ गुणांचा माग काढला तर त्यात एखादे अवघड उदाहरण सापडेल. बाकी सगळा चिल्लर खर्च असतो. कुठे चिन्ह चुकले, कुठे एकक राहिले, कुठे आकृतीला नावे दिली नाहीत.

हा चिल्लर खर्च एकट्याने अभ्यास करणाऱ्याला दिसत नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. वर्गात तीन कामे होतात: कोणीतरी शिकवतो, कोणीतरी शिकतो, कोणीतरी तपासतो. शिकवण्याचे काम आता पाठ्यपुस्तक, गाइड आणि मोबाइलवरचे व्हिडिओ मिळून बऱ्यापैकी उरकतात. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, आणि पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतो. तपासण्याचे काम मात्र कोणीच करत नाही. मुलगा उदाहरण सोडवतो, मागच्या उत्तरसूचीशी शेवटचा आकडा जुळवतो आणि बरोबरची खूण करतो. मग निकालाच्या दिवशी तक्रार येते, ‘मले समदं समजते, पण पेपरात जमत नाही.’ तक्रार खोटी नसते. समजले होते हे खरेच. पण समजते आहे की नाही हे त्याने उत्तर समोर ठेवून ठरवले होते.

उत्तर समोर असताना मनाला होणारा हा भास अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये आकड्यांत पकडला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला; काहींनी एकदाच वाचून नंतर तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर पारडे फिरले: वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणि आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल, याचा विश्वास जास्त होता तो वाचणाऱ्यांनाच.

गणितात याचा अर्थ असा होतो. सोडवलेले उदाहरण आधी नीट वाचावे, प्रत्येक पायरी कुठून आली हे बोट ठेवून पाहावे. नवे प्रकरण शिकताना हे आवश्यकच आहे. पहिल्याच दिवशी कोऱ्या कागदाशी झुंज घेण्यात शौर्य नाही. मग पुस्तक बंद. तेच उदाहरण दुसऱ्या दिवशी, मधली रात्र गेल्यावर, कोऱ्या कागदावर. अडले तर पुस्तक उघडावे, पण फक्त अडलेल्या ओळीपुरते, आणि ती ओळ वेगळ्या रंगाने लिहावी. आपल्याला किती येत होते आणि किती उसने घेतले, याचा हिशेब त्या रंगावरून लागतो.

आणि मग तपासणी. ती कशी करायची याचा नमुना म्हणून चार गुणांचे एक उदाहरण घेऊ. आयताकृती शेताची लांबी रुंदीपेक्षा १० मीटरने जास्त आहे, क्षेत्रफळ १२०० चौरस मीटर आहे, लांबी-रुंदी काढा. रुंदी क्ष मानली तर क्ष(क्ष + १०) = १२००, म्हणजे क्ष² + १०क्ष − १२०० = ०. अवयव पडतात (क्ष + ४०)(क्ष − ३०) = ०. क्ष ३० किंवा उणे ४०. उत्तर ३० आणि ४०. उत्तरसूचीत हेच आकडे दिसले की मुलगी स्वतःला चारपैकी चार देऊन मोकळी.

आता तोच कागद तपासनीस म्हणून वाचा. मंडळाची तपासणी पायऱ्यांवर चालते, अर्धा-एक गुण करत. ‘शेताची रुंदी क्ष मीटर मानू’ हे वाक्य आहे का? नसेल तर क्ष म्हणजे काय हे परीक्षकाने ओळखायचे. उणे ४० का सोडले, याचे कारण दिले आहे का? ‘रुंदी ऋण नसते’ ही तीन शब्दांची ओळ म्हणजे वर्गसमीकरणाच्या शाब्दिक उदाहरणाचा प्राणच. दोन उत्तरांपैकी एक का टाकायचे हे गणित सांगत नाही, शेत सांगते. शेवटी ‘म्हणून रुंदी ३० मीटर, लांबी ४० मीटर’ असे एककासह वाक्य आहे का? अवयव बरोबर पाडूनही या जागांवर गुण गळू शकतो, आणि इथे गळणारा गुण पाचव्या प्रश्नात झगडून मिळवलेल्या गुणाइतकाच वजनदार असतो.

स्वतःचा कागद लगेच तपासू नये. लिहिताना मनात जे होते तेच डोळ्यांना कागदावर दिसते. दोन दिवस ठेवून तपासला तर तो दुसऱ्याचा वाटू लागतो. घरात मोठी बहीण किंवा सोबत अभ्यास करणारी मैत्रीण असेल तर वह्यांची अदलाबदल सगळ्यात चांगली. दुसऱ्याच्या वहीतली चूक माणसाला फार लवकर दिसते. नमुना उत्तरे हवी असतील तर शाळेतल्या गणिताच्या सरांकडे मागावीत. निकालानंतर मंडळ अर्ज करणाऱ्याला त्याच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत देते. ओळखीतल्या एखाद्या ताईने ती घेतली असेल आणि ती आपणहून दाखवायला तयार असेल, तर ते पाच-सहा कागद कुठल्याही ‘अपेक्षित’ प्रश्नसंचापेक्षा जास्त शिकवतात. परीक्षकाची खूण कुठे पडते आणि कुठे पडत नाही, ते तिथे प्रत्यक्ष दिसते.

तपासताना सापडलेल्या चुका एका वेगळ्या वहीत टिपत जाव्यात. उदाहरण पूर्ण उतरवायची गरज नाही. चूक कसली होती तेवढी ओळ पुरे. महिनाभराने ही वही चाळली की लक्षात येते, आपल्या चुका फार थोड्या जातींच्या आहेत आणि त्याच फिरून फिरून येतात. एक नेहमीची जात पाहा. सातने भाग जाणाऱ्या तीन अंकी संख्या किती? पहिली १०५, शेवटची ९९४. फरक ८८९, सातने भागले की १२७. बरेच जण १२७ लिहून थांबतात. उत्तर १२८ आहे, कारण १२७ हे मधले टप्पे आहेत. कुंपणाला जितके गाळे, त्यांच्यापेक्षा खांब एकाने जास्त. श्रेढीच्या सूत्रात ‘न वजा एक’ कुठून येते हे ज्याला या उदाहरणातून कळले, त्याला ते सूत्र पाठ करावे लागत नाही आणि परीक्षेत ‘न’ की ‘न वजा एक’ असा घोळ होत नाही.

दुसरी जात निव्वळ आकडेमोडीची. दहावीपर्यंत आलेल्या मुलाला वजाबाकीचा सराव कर म्हटले तर अपमान वाटतो, पण गुण तिथेही जातात. यावर एक देशी औषध आहे, आणि ते शोधणारा माणूस आपल्याकडचा साधा शाळामास्तर होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, डहाणूत जन्मलेले, १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत शिकवणारे. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. संख्यांशी खेळण्याचा नाद मात्र जन्मभर. त्यांनी दाखवले की कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे तेवढे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करा, आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करा. फार तर सात फेऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. १९७५ घ्या. ९७५१ वजा १५७९ बरोबर ८१७२. ८७२१ वजा १२७८ बरोबर ७४४३. ७४४३ वजा ३४४७ बरोबर ३९९६. ९९६३ वजा ३६९९ बरोबर ६२६४. ६६४२ वजा २४६६ बरोबर ४१७६. ७६४१ वजा १४६७ बरोबर ६१७४. एकट्याने अभ्यास करणाऱ्यासाठी यातली मौज वेगळीच आहे: उत्तर तपासायला कोणी लागत नाही. सात फेऱ्यांत ६१७४ आले नाही तर कुठेतरी हातचा चुकला आहे. (१९७५ मुद्दाम घेतले, त्याच वर्षी अमेरिकन गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले.)

आता सराव कोणत्या क्रमाने करायचा? पाठ्यपुस्तकात प्रत्येक सरावसंच एकाच जातीच्या उदाहरणांचा असतो, आणि शिकायला ते योग्यही आहे. पण सरावसंच २.४ उघडला की त्यातले प्रत्येक उदाहरण सूत्राने सोडवायचे हे शीर्षकच सांगून टाकते. परीक्षेत शीर्षक नसते. साउथ फ्लोरिडा विद्यापीठातले डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे लागू पडतो. विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाने एकेका आकृतीची उदाहरणे गठ्ठ्याने सोडवली, दुसऱ्याने सगळी मिसळून. सरावाच्या वेळी गठ्ठेवाल्यांची ८९ टक्के उदाहरणे बरोबर आली, मिसळणाऱ्यांची ६०. आठवड्याने झालेल्या चाचणीत मिसळणाऱ्यांची ६३ टक्के बरोबर, गठ्ठेवाल्यांची अवघी २०. सरावात येणारे यश किती फसवे असते, याचा याहून स्पष्ट आकडा मला ठाऊक नाही.

म्हणून दिवाळीपर्यंत प्रकरणे एकदा शिकून झाली की मिसळ सुरू करावी. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह आहेत. त्यांतली उदाहरणे चिठ्ठ्यांवर उतरवून डब्यात टाकावीत आणि रोज चार-पाच काढावीत. चिठ्ठीवर प्रकरणाचे नाव लिहू नये. पहिले काही दिवस मन खट्टू होईल, गुण घसरतील. ते घसरू द्यावेत.

सगळ्या प्रकरणांना सारखा वेळ द्यायचे कारण नाही. संभाव्यता आणि सांख्यिकी नीटनेटक्या हाताला गुण देतात. तिथे कोष्टक स्वच्छ आखणे हेच अर्धे काम. रेषीय समीकरणांत क्रेमरची पद्धत एकदा बसली की विसरत नाही. अर्थनियोजनाकडे मात्र हुशार मुलेच तुच्छतेने बघतात, ‘यात कसले गणित’ म्हणून, आणि ऐन पेपरात कोणती किंमत करासह आणि कोणती कराविना यात अडकतात. डोणगावच्या मुलीला या प्रकरणाचे पाठ्यपुस्तक घरातच मिळते: कृषी सेवा केंद्राची पावती. एकाच पावतीवर बियाण्याला जीएसटी नाही, रासायनिक खताला ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकाला १८ टक्के. समजा करपात्र किंमत खताची २००० रुपये आणि कीटकनाशकाची १५०० रुपये. कर झाला १०० आणि २७०, एकूण ३७०. निम्मा १८५ केंद्राचा, निम्मा १८५ राज्याचा. दुकानदाराने हाच माल घेताना ३०० रुपये कर भरला असेल, तर ते वजा करून तो सरकारजमा करणार ७० रुपये, म्हणजे केंद्राचे ३५ आणि राज्याचे ३५. प्रकरणातली निम्मी उदाहरणे एवढ्यावर उभी आहेत. सापळा एकच. छापील किंमत करासह ११८० असेल आणि दर १८ टक्के, तर मूळ किंमत १०००. जो ११८० चे १८ टक्के काढून वजा करतो तो ९६७.६० वर पोहोचतो आणि आपण चुकलो हे त्याला कळतही नाही. उलटा ताळा घेतला, ९६७.६० वर १८ टक्के चढवले, तर लगेच कळते.

भाग दोनमध्ये भीती असते प्रमेयांची. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हे चार मथळे पाठ, आणि खालचा मजकूर कवितेसारखा पाठ. पेपरात त्रिकोणाची नावे बदलली किंवा आकृती उलटी ठेवली की कविता तुटते. उपाय असा: प्रमेयाचे पुस्तकातले नाव आणि अक्षरे दोन्ही टाकून द्यावीत, आकृती फिरवून काढावी, शिरोबिंदूंना क, ख, ग म्हणावे आणि सिद्धता लिहावी. प्रत्येक ओळीसमोर कारण लिहायचे असते; आधी कारणांचाच रकाना लिहून पाहावा. ‘समान कंसांतील आंतरलिखित कोन’, ‘कोको कसोटी’, ‘समरूप त्रिकोणांच्या संगत बाजू’, अशी कारणांची साखळी मनात असली की विधाने आपोआप येतात. विधाने आठवून कारणे शोधणारा मात्र मध्येच थांबतो. भौमितिक रचनांबद्दल एवढेच: पेन्सिलीला टोक, कंपासचा स्क्रू घट्ट, कंस पुसायचे नाहीत आणि कच्ची आकृती आधी काढायची.

राहिला पाचवा प्रश्न. तीन गुणांच्या या प्रश्नासाठी बाजारात स्वतंत्र पुस्तिका मिळतात. मला त्यांच्यापेक्षा आपला परिसर जास्त उपयोगाचा वाटतो. मेहकरच्या शेजारच्या तालुक्यात लोणारचे विवर आहे, बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेले. वरचा व्यास सुमारे १८०० मीटर, खोली सुमारे १५० मीटर, तळ्याचा व्यास अंदाजे १२०० मीटर धरू. हा आकार महत्त्वमापनातल्या शंकूछेदाच्या जवळचा. त्रिज्या ९०० आणि ६००, उंची १५०. त्रिज्यांचे वर्ग आणि गुणाकार मिळून ८,१०,००० अधिक ३,६०,००० अधिक ५,४०,०००, म्हणजे १७,१०,०००. त्याला ५० ने आणि ३.१४ ने गुणले की २६ कोटी ८४ लाख ७० हजार घनमीटर. हे खरे माप नव्हे, ठोकळ आकड्यांवरचे उदाहरण आहे; पण एकक चुकवून किलोमीटर आणि मीटर मिसळले तर काय होते ते इथे करून पाहावे. पुढचा प्रश्न: काठावरून तळ्यापर्यंतच्या उताराचा क्षितिजाशी कोन किती? आडवे अंतर ३००, उभे १५०, म्हणजे टॅन ०.५. शाळेच्या कोष्टकात टॅन ०.५ असलेला कोन नाही. टॅन ३० अंश म्हणजे सुमारे ०.५७७, तेव्हा कोन तीसपेक्षा थोडा कमी. कोष्टकात नसलेल्या उत्तराला कोष्टकातल्या मूल्यांनी घेरायचे, हीच पाचव्या प्रश्नाची खरी तयारी. अशी दहा उदाहरणे मुलीने स्वतः रचली, तर परीक्षकाने रचलेले अकरावे तिला परके वाटणार नाही.

एका गोष्टीकडे डोळेझाक करून हे प्रकरण पुरे करता येणार नाही. मार्च २०२३ मध्ये बारावीच्या गणिताच्या पेपरची पाने वेळेआधी मोबाइलवर फिरली, गुन्हा दाखल झाला. ते प्रकरण याच बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात घडले. राजमाता जिजाऊंच्या जन्मगावाचे नाव त्या कारणाने राज्यभर झाले, याचे वाईट वाटले नाही असा माणूस जिल्ह्यात विरळा. कॉपीमुक्त अभियान, भरारी पथके हे सरकारचे काम झाले. घरी अभ्यास करणाऱ्या मुलीच्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. जिथे केंद्रावर मदत मिळेल अशी कुजबुज असते, तिथे स्वतःला तपासण्याची सवय सगळ्यात आधी मरते. जे कोणीतरी पुरवणारच आहे ते आपल्याला येते की नाही हे पाहायचे कशाला? आणि तशा उसन्या नव्वदांवर अकरावी विज्ञानाला गेलेला मुलगा पहिल्या सहामाहीतच गणित सोडतो.

शाळा सुटलेल्यांसाठीही दार आहे. १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते; लग्नानंतर, कामाला लागल्यानंतर या वाटेने येणारे दरवर्षी असतात. त्यांना पेपर तोच आणि तपासणीही तीच, पण वर्षभर वही बघणारे कोणी नसते. त्यांनी निदान सराव परीक्षेचे कागद तरी संपर्क केंद्राच्या शाळेतल्या शिक्षकांना दाखवून घ्यावेत. सहसा कोणी नाही म्हणत नाही.

जानेवारी लागला की आठवड्यातून एक पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवावा. जुने पेपर सहज मिळतात. हिशेब सोपा आहे: ४० गुणांना १२० मिनिटे, म्हणजे गुणाला तीन मिनिटे. अडीच मिनिटांची सवय लावली तर शंभर मिनिटांत पेपर लिहून होतो आणि वीस मिनिटे उरतात. २०२३ पासून मंडळ शेवटी देत असलेली दहा मिनिटे त्याच्या वर. पण सराव करताना ती दहा मिनिटे धरूच नयेत. या उरलेल्या वेळात उत्तरे नुसती वरून वाचून काही सापडत नाही. समीकरणाची उत्तरे मूळ समीकरणात घालून पाहावीत, श्रेढीतली पहिली तीन पदे हाताने मोजावीत, सांख्यिकीच्या कोष्टकातली बेरीज खालून वर पुन्हा करावी, आणि प्रत्येक शाब्दिक उदाहरणाचा शेवटचा प्रश्न परत वाचावा. लांबी विचारली असताना रुंदी लिहून थांबलेली मुले थोडीथोडकी नसतात.

भाग एकचा पेपर झाल्यावर केंद्राबाहेर उत्तरे जुळवत उभे राहू नये. त्यातले आता काहीच बदलत नाही, आणि भाग दोनला मध्ये थोडेच दिवस असतात. त्या दिवसांत नवे उदाहरण हातात घेऊ नये. चुकांची वही तेवढी पुन्हा काढावी, भूमितीच्या बाजूची, आणि तिच्यातली प्रत्येक चूक ज्या उदाहरणात झाली होती ते उदाहरण एकदा कोऱ्या कागदावर.